फुलझडीची ठिणगी भाजत नाही, तार भाजते

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "गेल्या दिवाळीत माझ्या सहावीतल्या मुलीच्या हातावर फुलझडीच्या ठिणग्या पडत होत्या, तिला काही झालं नाही. नंतर मात्र विझलेल्या तारेवर पाय पडला आणि तळव्याला टरटरून फोड आला. तेव्हापासून ती विचारते, जळती ठिणगी भाजत नाही आणि विझलेली तार काऊन भाजते? बॉम्बमधली दारू आणि फुलझडीतली दारू एकच का? मग फुलझडी फुटत का नाही? माळ्यावरच्या जुन्या फुलझड्या नुसत्या जळतात, तडतडत नाहीत, त्या वाळवून चालतील का? आणि हे हरित फटाके म्हणजे नेमकं काय?"

ताई, तुमच्या लेकीचा पहिला प्रश्न मी कारखान्यात नव्यानं लागलेल्या केमिस्टला विचारायचो. बीएस्सी झालेली पोरं बिनधास्त सांगायची, "सर, ठिणगीचं तापमान कमी असतं." तापमान कमी नसतं. उडती ठिणगी हजार अंशांच्या वर असते. गंमत पुढे आहे, पण तिथे जायला आधी बॉम्बवरून जावं लागेल.

मी नागपूरचाच. इथे रसायनशास्त्र शिकलो, शिवकाशीकडच्या एका कारखान्यात १९ वर्षं मसाल्याच्या, म्हणजे फटाक्यात जातं त्या मिश्रणाच्या, तपासणीवर होतो, आणि आता परत इथे येऊन परवाना आणि सुरक्षेच्या कामात लोकांना सल्ला देतो. कशात काय असतं ते सगळं सांगीन, किती असतं ते सांगणार नाही. प्रमाण लिहिलं की कोणीतरी गच्चीवर करून बघतो. परवान्याशिवाय असा मसाला कालवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बोटं दहाच असतात. आणखी एक, पुण्यामुंबईकडे फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र म्हणतात. आपल्याकडे फुलझडी, अनार, चकरी. मी आपलेच शब्द वापरतो.

दारू एकच का? नाही, पण भावंडं आहेत. कुठल्याही आतषबाजीत दोन गोष्टी लागतातच: एक जळणारी आणि एक तिला प्राणवायू पुरवणारी. चुलीतलं लाकूड हवेतला प्राणवायू घेतं, म्हणून हवा जितकी पोचेल तितकंच जळतं. दारू आपला प्राणवायू सोबत घेऊन फिरते. जुन्या काळच्या दारूत तो शोरा द्यायचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. कोळसा आणि गंधक जळायचे. फुलझडीत प्राणवायूचं काम वर्षानुवर्षं बेरियम नायट्रेटनं केलं आणि जळायला ॲल्युमिनियमची पूड व लोखंडाचा कीस. बॉम्बमध्येही नायट्रेटसारखंच काहीतरी आणि धातूची पूड. नुसती सामानाची यादी वाचली तर दोघांत फार फरक दिसत नाही.

फरक वेगात आहे. बाभळीचा ओंडका चुलीत घातला तर रात्रभर धुमसतो. पऱ्हाटीच्या काड्या टाकल्या तर भडभड जळून दहा मिनिटांत राख. लाकूड लाकूडच, पण बारीक झालं की वेग वाढतो. फटाक्यात हेच होतं. बॉम्बमधला धातू पिठापेक्षा बारीक असतो, आणि तो सुतळीच्या घट्ट वेटोळ्यांत कोंडलेला असतो. आत जळायला लागलं की वायूला जायला वाट नसते, दाब वाढतो, दाबानं जळणं आणखी जोरात होतं, त्यानं दाब आणखी वाढतो. कुकरची शिट्टी अडकली तर काय होईल, तेच इथे क्षणात होतं. फुलझडीत उलट केलेलं असतं. कीस जाडसर, मसाला डिंकासारख्या खळीनं बांधलेला, भोवती कुठलंही आवरण नाही, आणि मधोमध एक लोखंडी तार. वरचा थर जळतो, त्याच्या उष्णतेनं खालचा पेटतो, मग त्याच्या खालचा. वायू मोकळ्या हवेत निघून जातो आणि तार थोडी उष्णता स्वतःकडे ओढून घेते. म्हणून तीच आग टोकापासून मुठीकडे सावकाश, शहाण्या गाईसारखी चालत येते.

आमच्या धंद्यात सगळं कसब या चालीचं आहे. आवाज करणं सोपं. मिनिटभर एकसारखं जळवणं अवघड.

आता ती बनते कशी. तारेचे ठराविक लांबीचे तुकडे करतात. तारेला बहुधा तांब्याचा पातळ मुलामा असतो, म्हणून ती तांबूस दिसते आणि लवकर गंजत नाही. शेकडो तारा एका लाकडी चौकटीत भोकांमधून उभ्या खोवतात, सगळ्या एका पातळीत. कंगवा उलटा धरावा तशी ती चौकट दिसते. खाली टबात मसाला कालवलेला असतो, धिरड्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट. रंग काळसर चंदेरी, ओल्या शिसपेन्सिलीच्या पुडीसारखा. चौकट सरळ खाली बुडवायची आणि हळू वर काढायची. वर काढण्याचा वेग फार महत्त्वाचा आहे. घाई केली तर खालच्या टोकाला थेंब लोंबतो आणि फुलझडीला बोंडूक येतं. अशी बोंडूकवाली फुलझडी पेटवली की पहिल्यांदा एकदम भपका मारते. तुम्हीही पाहिली असेल. पेटवणाऱ्याचा हात दचकून मागे जातो तो त्या थेंबामुळे.

एका बुडीत काम होत नाही. जाड थर एकदम दिला तर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, मग तडकतो. आणि तडा म्हणजे आगीला चोरवाट. म्हणून पातळ थर, उन्हात वाळवण, पुन्हा बुडी, पुन्हा ऊन. हा धंदा शिवकाशीत रुजला त्यात या उन्हाचा वाटा मोठा. तमिळनाडूतला तो विरुदुनगर जिल्हा कोरडा, शेती बेभरवशाची. १९२३ च्या सुमारास अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचं काम शिकून आले. आधी काड्या, मग फटाके. दमट गावात हे काम करायचं म्हणजे रोज देवाला कौल लावायचा.

खळीचं नाव डेक्स्ट्रिन. स्टार्च कोरडा भाजला की ते होतं. लखोट्याच्या कडेला चाटून चिकटवायचा जो गोडसर डिंक असायचा, तोही पुष्कळदा हाच. पाण्यात विरघळतं, वाळलं की दगडासारखं बसतं, आणि जळताना स्वतःही जळतं. घरातल्या वस्तूसारखं साधं. पण मसाल्यात पाणी आलं की एक नवीनच भानगड सुरू होते, आणि ती मी पुस्तकात वाचून गेलो होतो तरी मला कळली एका सकाळी, नाकानं.

कारखान्यात लागून सात-आठ महिने झाले होते. ढगाळ, चिकट सकाळ होती. टब कालवून अर्धा तास झाला असेल. मी टेबलाशी नोंदी करत होतो. आमचे मेस्त्री, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, दारातच थबकले. नाक वर करून हुंगलं. मग टबाशी जाऊन हाताची मागची बाजू टबाला बाहेरून लावली, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी, आणि मोठ्यानं एकच शब्द ओरडले. सगळ्या बाया चौकटी जिथल्या तिथे टाकून बाहेर. मी उभाच. त्यांनी माझ्या दंडाला धरून ओढलं तेव्हा मला पहिल्यांदा वास आला: स्टेशनवरच्या मुतारीसारखा. अमोनिया. ओल्या मसाल्यात ॲल्युमिनियम आणि नायट्रेट एकमेकांशी लागले की उष्णता निघते आणि अमोनिया सुटतो. उष्णतेनं ती क्रिया आणखी भरभर होते. तशीच सोडली तर टब आपोआप पेटू शकतो. अण्णांनी लांबून नळी लावून टब पाण्यानं तुडुंब भरला, इतका की मसाला वाहून गेला. थोडं पाणी घातक, भरपूर पाणी तारक.

हे होऊ नये म्हणून मसाल्यात चिमूट बोरिक ॲसिड घालतात. कॅरमबोर्डवर टाकतो तीच पावडर. तिनं पाण्याचा अल्कली गुण मरतो आणि ॲल्युमिनियमवरचं पातळ कवच शाबूत राहतं. त्या दिवशी ती पावडर घालायचीच राहिली होती. वजनाच्या वहीत मात्र टिकमार्क होता. त्यानंतर मी टिकमार्कवर कधी विश्वास ठेवला नाही. रोज टबाला हात लावायचो.

आता ठिणगी. फुलझडीच्या टोकाशी जो पांढरा लखलखीत गोळा दिसतो तो ॲल्युमिनियम आणि नायट्रेटचा जाळ. भोवती जी सोनेरी फुलं उडतात ते लोखंडाचे कण. जाळ त्यांना तापवून बाहेर फेकतो, आणि मग ते हवेतल्या प्राणवायूवर उडता उडता जळतात. म्हणजे फुलझडीची अर्धी शोभा डबीत नसतेच, ती आपण हवेतून घेतो.

ठिणगी मध्येच फुटून तिला फांद्या का येतात? लोखंडात कार्बन असतो म्हणून. उडणारा कण वितळलेला असतो, त्यातला कार्बन जळून वायू होतो, तो वायू बाहेर पडताना थेंबाला फोडतो आणि एकाच्या चार ठिणग्या होतात. शुद्ध मऊ लोखंडाची ठिणगी सरळ रेघ काढून विझते. पोलादाची ठिणगी फुलते. हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपच्या दारात पाच मिनिटं उभे राहा. जुना फिटर ग्राइंडरवर लोखंडाचा तुकडा टेकवतो आणि ठिणग्यांच्या फांद्या बघून सांगतो की हे साधं एमएस, म्हणजे कमी कार्बनचं मऊ पोलाद, आहे की कार्बन जास्त असलेलं पोलाद. तो आणि फुलझडीवाला एकाच गोष्टीकडे बघत असतात. मुलीला प्रकल्पच करायचा असेल तर फुलझडीपेक्षा हे दाखवा, लांबून, चष्मा लावून.

तर मग हजार अंशांची ठिणगी भाजत का नाही? कारण भाजणं नुसत्या तापमानावर ठरत नाही, तुमच्या कातडीत किती उष्णता उतरली त्यावर ठरतं. गणित करून बघू. ठिणगीचा कण एक दशांश मिलिमीटरचा धरा. त्याचं वजन साधारण चार मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अडीच लाखावा भाग. तो हजार अंशांवरून पूर्ण थंड झाला आणि त्याची सगळी उष्णता पाण्याच्या एका थेंबाला दिली, तरी थेंबाचं तापमान अंशाच्या पन्नासाव्या भागानंही वाढणार नाही. हातावर पडेपर्यंत तो बराचसा निवलेलाही असतो. लेकीला चिमटा बसल्यासारखं वाटलं असेल, बस्स.

आता वीतभर तार घ्या, दीड मिलिमीटर जाडीची. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या एका ठिणगीत जितकं लोखंड, त्याच्या सहा-सात लाख पट. आणि ही तार मिनिटभर जाळाच्या पोटात होती. जाळ संपल्यावर तिची लाली काही सेकंदांत जाते आणि आपण म्हणतो, विझली. लोखंडाची लाली अंधारातसुद्धा पाचशे अंशांच्या आसपास दिसेनाशी होते. लाली गेली याचा अर्थ तार पाचशेच्या खाली आली, एवढाच. कातडी भाजायला साठ अंश आणि काही सेकंद पुरतात. पाचशे ते साठ हा सगळा प्रवास तार काळी, गुपचूप, अंगणात पडून करते. तिच्यावर पाय पडला तर ती तळव्याला चिकटून सगळी उष्णता तिथेच ओतते. तुमच्या लेकीला सांगा, ठिणगी म्हणजे उकळत्या चहाचा बारीक शिंतोडा, तार म्हणजे चहाचं पातेलं.

डोळा मात्र वेगळा. डोळ्याला ती चार मायक्रोग्रॅमही जड जाते. आणि नायलॉनचा फ्रॉक कातडीसारखा वागत नाही. कातडीत पाणी असतं, रक्त उष्णता वाहून नेतं. नायलॉन जागीच वितळतो आणि वितळून अंगाला चिकटतो. सुती कपडा घालायला सांगतात ते यासाठी.

जुन्या फुलझड्यांचं. माळ्यावर दोन पावसाळे काढलेल्या फुलझडीचं काय होतं? लोखंडाचा कीस गंजतो. कारखान्यात किसाला तेल किंवा मेण चोळून घेतात, पण ते कवच कायमचं नसतं. गंज म्हणजे आधीच जळून गेलेलं लोखंड, सावकाश जळालेलं. जे आधीच जळालं ते पुन्हा काय जळणार? म्हणून ॲल्युमिनियमचा पांढरा जाळ दिसतो, फुलं नाहीत. ओल उन्हानं जाईल, गंज जाणार नाही. वाळवून उपयोग नाही. आणि कृपा करून तव्यावर, गॅसजवळ किंवा इस्त्रीखाली वाळवू नका. हसू नका, इस्त्रीवाला प्रकार मी आमच्या मोहल्ल्यात स्वतः पाहिला आहे, कपडा मध्ये घालून. अशा फुलझड्या बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवा, मसाला सुटतो, मग तो कचऱ्यात आणि तारा भंगारवाल्याला.

मसाला खरवडून काढायचा आणि 'काहीतरी करून बघायचं' हे दरवर्षी कोणत्या तरी गल्लीत होतंच. वर जे सांगितलं त्यावरून कळलं असेल की त्या मसाल्याची चाल तारेनं आणि मोकळ्या हवेनं बांधलेली आहे. तार काढली, कोंडला, की तो फुलझडी राहत नाही. मूठभर फुलझड्या एकत्र धरून पेटवणं हाही त्याचाच छोटा भाऊ. एक दुसरीला तापवते आणि मिनिटभराचं काम दोन सेकंदांत उरकतं, हातात.

अनाराचं तंत्र मधलं आहे, कोंडलेलं पण पूर्ण नाही. कागदाचा किंवा मातीचा शंकू, आत दाबून भरलेली दारू आणि कीस, वर बारीक भोक. भोकामुळे दाब थोडा वाढतो आणि कारंजं उंच जातं. भोक किती, यावर सगळं अवलंबून. अनार तडकून फुटतो तो का? दुकानातून येताना पिशवी आपटते, आत दाबलेल्या दारूला तडा जातो. पेटल्यावर आग वरून खाली येण्याऐवजी तड्यातून आत शिरते, एकदम मोठा पृष्ठभाग पेटतो, आणि इवल्या भोकातून तेवढा वायू निघू शकत नाही. मातीचा अनार फुटला तर खापऱ्या उडतात. इतवारीतून स्कूटरच्या डिकीत खडखडत आणलेला अनार मी स्वतः पेटवत नाही. न पेटलेल्या अनारावर वाकून बघणं तर कधीच नाही. पंधरा मिनिटं थांबून लांबून पाणी ओतायचं.

चकरी म्हणजे गुंडाळलेली नळी. वायू कडेनं मागे जातो, चकरी पुढे. रॉकेटचंच तत्त्व, गोल वाकवलेलं. फरशीवर छान फिरते, मातीत रुतून बसते, यापलीकडे तिच्यात फार काही नाही. टिकल्यांना वात लागत नाही, कारण त्यातला फॉस्फरस आणि क्लोरेट नुसत्या आघातानं पेटतात. काडेपेटीत हेच दोघे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात, एक काडीच्या डोक्यावर, दुसरा पेटीच्या कडेला.

नागगोळीवर मात्र मी थांबणार. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आया ती सर्वात लहान पोराच्या हाती देतात. त्यात डांबरासारखे जड पदार्थ अर्धवट जळतात आणि फुगून काळ्या कोळशाचा साप होतो. अर्धवट जळणं म्हणजेच धूर. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये मुलं उभी राहतात त्या अंतरावर बारीक कण मोजले होते: नागगोळीला घनमीटरमागे सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम, फुलझडीला १०,३९०, अनाराला ४,८६०. सगळ्यात गरीब दिसणारी गोळी सगळ्यात घाण निघाली. पोरगं तिच्यावर नाक लावून बसतं ते वेगळंच. आमच्या घरी ती गेली कित्येक वर्षं येत नाही, नातवानं रडून गोंधळ घातला तरी.

आता हरित फटाके, आणि इथे नागपूरकरानं कॉलर जरा ताठ करायला हरकत नाही. फटाक्यांच्या परवान्यांवर देशभर देखरेख करणारी संघटना, जिला सगळे पेसो म्हणतात, तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. हरित फटाक्यांचं सूत्र बसवण्याचं काम झालं नेहरू मार्गावरच्या नीरीत, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत. दोन्ही इथेच. बाहेरगावचे लोक मला विचारतात, "नागपूरला फटाके बनतात का हो?" मी सांगतो, फटाके शिवकाशीला बनतात, त्यांचे नियम नागपूरला.

हरितचा अर्थ धूर नाही असा नाही. २३ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं बेरियमचे क्षार बंद केले, जोडफटाक्यांच्या लडी बंद केल्या आणि दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. बेरियमची बंदी २०२१ मध्ये पुन्हा बजावली. नीरीनं जी सूत्रं दिली त्यांना स्वास, स्टार, सफल अशी नावं आहेत. कशात पाण्याची वाफ सुटून धूळ खाली बसते, कशात शोरा आणि गंधकच नाही, कशात ॲल्युमिनियम कमीत कमी. कणांचं प्रदूषण निदान तीस टक्के कमी व्हावं हे उद्दिष्ट. राहिलेला सत्तर टक्के धूर धूरच असतो. खोक्यावर हरितचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तो नुसता बघू नका, मोबाइलनं स्कॅन करा, कारण चिन्ह छापायला फार अक्कल लागत नाही.

आमच्या फुलझडीवाल्यांची खरी अडचण बेरियमची झाली. का, ते सांगतो, कारण हे बाहेर कोणी बोलत नाही. बेरियम नायट्रेट दोन गुणांमुळे लाडकं होतं. हवेतली ओल धरत नाही आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यामुळे टबात कालवलं तरी कणाचा कण राहायचा, आणि थर सारखा वाळायचा. पोटॅशियम नायट्रेट साध्या पाण्यात त्याच्या तिप्पट विरघळतं. वाळताना ते पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतं आणि तिथे स्फटिक धरतं. मग थरात वर एक चाल, आत दुसरी. नवीन फुलझडी कधी मध्येच मंद होते, कधी उसळते, त्याचं एक कारण हे. कारखान्यांनी कणांचा आकार आणि बुड्या बदलून ते बरंच सावरलं आहे. जाळातली ती हिरवट झाकही बेरियमचीच होती. रंगीत फुलझडीत हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा, पिवळा सोडियमचा. निळा सर्वात नाजूक, जाळ जास्त तापला की उडून जातो. म्हणून खरा निळा देणारा कारागीर आमच्यात मानाचा.

बेरियम का नको, हे एका ओळीत: त्याचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, आणि धुरातून ते नाकात जातात. फुलझडीचा हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्यात घालू नये, हा नियम बेरियम गेल्यावरही ठेवा.

पेटवायची कशी, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. फुलझडीचं टोक पणतीच्या वातीला बाजूनं लावा, वरून नाही, म्हणजे पणती विझत नाही आणि चेहरा बाजूला राहतो. हात लांब, टोक किंचित खाली आणि वारा जिकडे वाहतो तिकडे. कडेवर लेकरू असताना हातात फुलझडी नको, त्याचा चेहरा बरोबर ठिणग्यांच्या उंचीवर येतो. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. डोळ्यात ठिणगी गेली तर चोळायचं नाही, थेट डॉक्टर.

आणि तारांसाठी एक सवय लावा. अंगणात पाण्याची बादली ठेवा, फुलझडी संपली की तार थेट पाण्यात, चर्र आवाज येईपर्यंत. पोरांना तो आवाज फुलझडीपेक्षा जास्त आवडतो, त्यामुळे सांगावं लागत नाही. एका डबीत दहा असतात. आमच्याकडे रात्री नातू बादलीतल्या तारा मोजतो. दोन डब्या फोडल्या तर वीस भरायला हव्यात. परवाच्या वर्षी शेवटची विझताच मोजल्या, तर एकोणीस भरल्या. विसावी लगेच टॉर्च घेऊन शोधली तेव्हा तुळशीच्या कुंडीमागे सापडली, काळी, गार दिसणारी. नातवानं हात पुढे केला, मी तो धरला आणि तारेवर पाण्याचे चार थेंब टाकले. चर्र झालं.